न तुटणारी जोडणी

प्रशासनाच्या इतिहासात कायदे आणि आयोगांची नोंद होते. टेबलाखालच्या वायरींची होत नाही. तरीही १९९५ नंतरच्या सुमारे दहा वर्षांत देशभरच्या लहानसहान कार्यालयांचा बाहेरच्या जगाशी संबंध एकाच टेलिफोन लाइनवर अवलंबून होता. त्या लाइनविषयी लिहायचे अनेक दिवस मनात होते. निमित्त आहे २००३ च्या पावसाळ्यातील एका रात्रीचे.

तेव्हा मी ओरिसातील (हे नाव २०११ मध्ये ओडिशा झाले) एका किनारी उपविभागाचा कार्यभार सांभाळत होतो. पावसाळ्यात कार्यालयात चोवीस तास नियंत्रण कक्ष चाले. त्याची सामग्री एवढीच : एक नोंदवही, भिंतीवरचा नकाशा आणि एक दूरध्वनी. नदीच्या वरच्या अंगाच्या पाणीपातळीचे आकडे त्याच दूरध्वनीवर येत. दैनिक अहवाल ई-मेलने पाठवण्याचा आदेश त्या वर्षी आला होता, दुसऱ्या लाइनची मंजुरी मात्र आली नव्हती. म्हणून मोडेमही त्याच लाइनवर होता.

त्या रात्री पातळी वाढल्याचा निरोप आमच्यापर्यंत चार तास उशिरा पोहोचला, तोही पोलिसांच्या बिनतारी संचावरून. वरच्या ठाण्यावरचा माणूस रात्रभर फोन लावत होता आणि त्याला सतत एंगेजचा आवाज ऐकू येत होता. ज्या दोन वस्त्यांना मध्यरात्री उठवायला हवे होते, त्यांना आम्ही पहाटे उठवले. पाणी बांधाच्या आत राहिले म्हणून निभावले, एवढेच.

सकाळी मी संगणक पाहणाऱ्या लिपिकाला बोलावले. "आज्ञा," तो म्हणाला (तिकडे वरिष्ठांना असेच उत्तर देतात), "वीस मिनिटे काम नसेल तर जोडणी आपोआप तुटावी, अशी मर्यादा घातलेलीच आहे." त्याने पडद्यावर दाखवलेही. मर्यादा खरोखरच होती. लाइनमनने लाइन तपासली, ती निर्दोष होती. दुसरा मोडेम लावून पाहिला, तोही जोडणी सोडीना.

हे कोडे का पडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधीही, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'निकनेट' उपग्रहाद्वारे जिल्ह्यांची मुख्यालये जोडत होते. पण ती सोय जिल्ह्याच्या खाली क्वचितच उतरली. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादात्यांना परवानगी मिळाली आणि तासांच्या हिशेबाने विकली जाणारी खाती गावोगाव पोहोचली. सगळ्यांचा रस्ता मात्र तोच : घरातला किंवा कार्यालयातला तांब्याच्या तारांचा जोड.

येथे दोन भिन्न स्वभावांच्या व्यवस्थांची गाठ पडली. टेलिफोन एक्स्चेंज वेळ मोजते. दोन टोके जोडली गेली की कोणी बोलो वा न बोलो, मार्ग अडलेलाच राहतो. घराबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरण्याची वाट पाहत आपण बूथबाहेर उभे राहिलो आहोत. इंटरनेटची रचना याच्या उलट आहे. तेथे माहितीचे तुकडे गरज पडेल तेव्हा निघतात, एरवी शांतता असते. डायल-अपने ही दुसरी व्यवस्था पहिलीच्या पाठीवर बसवली. मग काम संपले हे कोणीतरी ठरवायला हवे, म्हणून निष्क्रियतेचे घड्याळ आले : एक विंडोजमध्ये, अनेकदा एक मोडेमच्या आत आणि एक सेवादात्याच्या सर्व्हरवर. ही तिन्ही घड्याळे माणूस पाहत नसत. लाइनवरून माहिती वाहते आहे का, एवढेच पाहत.

त्या संध्याकाळी मी आणि लिपिक संगणकासमोर नुसते बसून राहिलो. खाली उजवीकडे, घड्याळाशेजारी, दोन चिमुकल्या पडद्यांचे चित्र असे. माहिती ये-जा करू लागली की ते उजळे. दहा मिनिटे ते मंद होते. मग कोणी हात न लावता उजळले. पुन्हा दहा मिनिटांनी तेच. तिसऱ्या वेळी लिपिकाने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली केली.

ई-मेलचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी नवे पत्र आले का ते विचारत होता. मुळात त्यात तीस मिनिटांचे अंतर होते. तीस मिनिटांच्या शांततेत वीस मिनिटांचे घड्याळ पूर्ण झाले असते आणि लाइन सुटली असती. पण जिल्ह्याचा संदेश दहा मिनिटांत दिसलाच पाहिजे, असे मीच बजावले होते. लिपिकाने आज्ञा तंतोतंत पाळली होती.

इतरांकडे कारणे निराळी निघत. कुठे आपोआप ताजे होणारे पान उघडे राहिलेले असे, कुठे गप्पांचा प्रोग्राम, कुठे विषाणूरोधकाची अद्ययावत यादी. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा पसरला, तेव्हा बाधित संगणक अनोळखी पत्त्यांवर सतत थापा मारत. अशी थापही एखाद्या घड्याळाला काम वाटू शके. लिनक्स वापरणाऱ्यांना कोणती हालचाल काम म्हणून धरायची नाही हे लिहून ठेवता येई. आम्हांला ती सोय नव्हती. (नोंदी वाढतात पण निर्णय होत नाही अशी फाइलही आपल्याकडे 'चालू' समजली जातेच. असो.)

उपाय साधाच केला. पत्रे दिवसातून चार वेळा पाहायची. पत्रव्यवहार झाला की जोडणी तोडावी, या पर्यायापुढे खूण करायची. आणि संध्याकाळी सहाला मोडेमची वायर भिंतीतून काढून खिळ्याला टांगायची, तशी नोंद वहीत करून. दर तीन मिनिटांना एक कॉल धरला, तर रात्रीच्या दहा तासांचे दोनशे कॉल होतात. पुढे लेखापरीक्षकांनी देयकावर खुलासा मागितला, तेव्हा मी हेच गणित मांडले आणि चूक माझी असल्याचे लिहिले.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण आले. त्यात ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस वेगाची आणि सदैव चालू असलेली जोडणी अशी केलेली होती. जो दोष शोधायला आम्ही एक संध्याकाळ घालवली, तो वर्षभरात व्याख्येचा भाग झाला होता. डीएसएलमध्ये त्याच तारांवरून आवाज आणि माहिती निरनिराळ्या कंप्रतांवर जातात. त्यामुळे दूरध्वनी मोकळा राहतो. आमच्या उपविभागात ती सोय यायला अवकाश होता. माझी बदली झाली तेव्हा वायर खिळ्यालाच टांगलेली होती आणि सहाची नोंद रोज होत होती.