चला, पाणी उतरायला लागलंय

पायातले बूट काढा. मोबाइल इथेच ठेवा, घड्याळही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचा, डोक्याला मुंडासं गुंडाळा आणि खांद्यावर कांबळं टाका. साल 1890 च्या आसपासचं आहे, रात्र कार्तिक शुद्ध द्वादशीची. तुम्ही महाडच्या बंदरावर उभे आहात.

हो, बंदरावरच. महाड म्हटलं की आज तुमच्या डोळ्यांपुढे मुंबई-गोवा महामार्ग येतो, कारखाने येतात, पावसाळ्यातला पूर येतो. समुद्र काही येत नाही. पण इथून तीसेक मैलांवरचा तो समुद्र दिवसातून दोनदा या गावात येतो. भरतीचं पाणी सावित्रीतून चढत चढत थेट बाजारपेठेच्या पाठीशी येऊन उभं राहतं. ते आलं की पडाव तरंगतात, हमाल ओरडायला लागतात, दुकानांचे दरवाजे मध्यरात्रीही उघडतात. ते गेलं की उरतो नुसता चिखल आणि त्यात तिरपे पडलेले पडाव.

नाक मोकळं सोडा. तो तुरट वास हिरड्याचा. आंबेनळीचा घाट 1876 मध्ये गाड्यांना खुला झाला, तेव्हापासून महाबळेश्वराकडचा माल पोलादपुरावरून बैलगाड्यांनी खाली उतरतो. गोड, चिकट वास गुळाच्या ढेपांचा. त्याखाली सुक्या मासळीचा. आणि सगळ्यांना पुरून उरणारा वास नदीच्या गाळाचा, खारट आणि कुजकट. पलित्याच्या उजेडात फळीवरून पोती डोक्यावर घेऊन माणसं धावतायत. बाजूला व्हा, नाहीतर कुणाचा तरी कोपर बसेल.

तुमचे दोस्त आलेच. एक किराणा दुकानात तागडी धरतो, एक शिंप्याचा मुलगा. तिसरा पोलादपूरचा, आज दुपारीच हिरड्याच्या गाड्यांबरोबर आलाय. त्यानं सावित्री पाहिली आहे ती गोट्यांवरून खळाळणारी, उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी. समुद्र अजून पाहिलेला नाही. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भूक आहे. आषाढी एकादशीपासून घरात मासळी बंद होती. आज संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं, चातुर्मास संपला, आणि चौघांनी ठरवलं की मासळी बाजारात घ्यायची नाही, ती असते तिथे जायचं. म्हाप्रळच्या तांडेल चाचांचा पडाव बाणकोटला निघालाय, तिथवर तो नेईल. पुढे बाणकोटच्या तोंडावर एक कोळी नाखवा आहे. त्याचं मीठ आणि ताग तुमच्या दोस्ताच्या दुकानातून जातं, त्यामुळे होडीत चौघांची जागा होते.

पाण्याचं पिंप चढवा. हे चवदार तळ्यातलं गोडं पाणी आहे, आणि ते चार दिवस पुरवायचं आहे. पिंप भरायला तुम्ही सहज पायऱ्या उतरून गेलात. याच गावातल्या महारवाड्यातल्या माणसाला त्या पायऱ्या उतरू देत नाहीत. हे तुम्ही रोज बघता आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. याच पाण्याच्या हक्कासाठी पुढे 1927 च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीनं येऊन याच नदीवरच्या दासगाव बंदरात उतरतील आणि तिथून पायी महाडला येतील. आज रात्री मात्र पिंपाचं झाकण लावताना तुमच्या मनाला त्याचा स्पर्शही होत नाही.

“पाणी मोडलं,” चाचा म्हणतात. म्हणजे भरती थांबली. त्यांना कसं कळलं? हिशेब सोपा आहे, तुम्हीही शिकून घ्या: तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी, म्हणजे बारा. बाराची पाऊणपट नऊ. समुद्रावर नऊ वाजता पूर्ण भरती. तेच पाणी सावित्रीतून महाडपर्यंत चढायला आणखी वेळ घेतं. म्हणून सगळं गाव जेवून, पान खाऊन झोपायला गेलं तरी तुम्ही काठावर बसून होता. उद्या हीच वेळ पाऊण तासानं पुढे जाईल. या सगळ्या प्रवासात तुम्हाला घाई करायची सोय नाही. पाणी नेईल तेव्हा जायचं, ठेवील तिथे थांबायचं.

दोर सुटतो. पडाव हलतो आहे हे तुम्हाला काठावरची झाडं सरकायला लागल्यावर कळतं. शीड गुंडाळलेलंच आहे. वारा नाही, ओहोटीच ओढून नेते आहे. दोन खलाशी लांब वेळू रोवून नाव मधल्या धारेत ठेवतात. गंधारी येऊन मिळते तिथे पाणी गरकन वळतं. उजव्या हाताला चांदण्यात गंधारपाल्याच्या लेण्यांची काळी तोंडं दिसतात. खलाशी पलिता काठाकडे धरतो आणि गाळावर दोन तांबडे ठिपके पेटतात. मगर आहे. पाय आत घ्या.

पुढे डाव्या काठावरून एकाएकी गंधकाचा वास येतो. सवचे ऊन पाण्याचे झरे. ईस्ट इंडिया कंपनीतला जेम्स फोर्ब्स 1771 मध्ये तब्येत सुधारायला या भागातल्या ऊन पाण्यावर येऊन राहिला होता. आत्ता थंडीनं तुमचे दात वाजतायत, तेव्हा तुम्हालाही तिथे उडी मारावीशी वाटेल. पण पडाव थांबणार नाही. दासगावचे दिवे येतात आणि मागे जातात.

पहाटे आंबेतच्या अलीकडे ओहोटी संपते आणि पडाव गाळात बसतो. आधी घसपटल्याचा आवाज, मग सगळं एका बाजूला कलंडतं, भांडी गडगडतात, तुमच्या अंगावर शिंप्याचा मुलगा येतो. आता सहा तास काही नाही. डास मात्र आहेत, कानात, नाकात, मुंडाशाच्या घड्यांत. कांदळाच्या मुळ्यांतून टपटप, चुळुक असे आवाज येतात: चिखलातले लहान मासे आणि खेकडे जागे झालेत. चाचांची चूल वेगळी, तुमची वेगळी. तंबाखूची पिशवी मात्र सगळ्यांत फिरते. बोलायला सुरुवात होते ती दुकानातल्या गिऱ्हाइकांवरून, आणि सूर्य वर येईपर्यंत पोलादपूरचा दोस्त तुम्हाला सांगून मोकळा होतो की त्याचं लग्न ठरतंय आणि त्याला ते नको आहे. गावात, चार माणसांत, हे तो कधी बोलला नसता. मला या प्रवासातले हे गाळात रुतलेले तास सगळ्यात मोलाचे वाटतात. करायला काही नसलं की माणसं एकमेकांना सापडतात.

तागडीवाला दोस्त गरीला कोळंबी लावून दोर सोडतो. एक शिंगाळा येतो, आणि येतानाच पंखाचा काटा त्याच्या तळव्यात रुतवतो. हात ठणकतोय, तो शिव्या देतोय, खलाशी हसत हसत त्यावर चुना लावतात.

दुपारच्या ओहोटीनं पुढे. खाडी रुंद होत जाते, ऊन पाण्यावरून उलटून डोळ्यांत येतं, अंगाला मिठाचा पापुद्रा धरतो. म्हाप्रळला चाचांचा नातू काठावरून धावत येऊन ओरडतो आणि ते नुसता हात वर करतात. संध्याकाळी डोंगर दोन्हीकडे बाजूला होतात. डावीकडे जांभ्या दगडाचा बाणकोटचा किल्ला, उजवीकडे हरिहरेश्वराचा कडा, आणि मधे काहीच नाही. पोलादपूरचा दोस्त उभा राहतो. “पलीकडचा काठ कुठाय?” तो विचारतो. कुणी उत्तर देत नाही.

आता होडी बदला. नाखव्याची होडी लहान, उघडी, आणि तिचा वास पडावाहून वेगळा: माशांचं तेल, ओला ताग, आणि जाळी टिकावीत म्हणून ज्या सालीच्या काढ्यात उकळतात त्या काढ्याचा कडवट दर्प. नाखवा तुमच्याकडे एकदाच बघतो. “मधे बसा. उठायचं नाही. ओकायचं असेल तर वाऱ्याच्या बाजूनं नको.”

तुम्हाला बोट लागणारच. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, होडी नाळेवर उभी राहते आणि धप्पकन खाली बसते. पोटातलं सगळं वर येतं. चौघांपैकी तिघे काठावर वाकलेले आहेत. समुद्र कधी न पाहिलेला पोलादपूरकर मात्र ताठ बसून आमसूल चघळतोय. त्याच्याकडून एक मागून घ्या. जिभेखाली धरा आणि क्षितिजाकडे बघत राहा.

रात्र पडली की पोट शांत होतं, आणि मग दिसायला लागतं. वल्ही पाण्यात शिरतात तिथे निळा उजेड पेटतो. हात बुडवा, बोटं उजळतात. खाली एखादा मासा सटकला की त्याच्यामागे उजेडाची रेघ उमटते. डोल आधीच लावलेली आहे: खुंटांना बांधलेलं, भल्या मोठ्या पिशवीसारखं जाळं. त्याचं तोंड प्रवाहाकडे. पाणी स्वतःच मासळी त्यात भरतं. उधाणाचे दिवस आहेत, प्रवाहाला जोर आहे, म्हणूनच हे दिवस निवडले. पण ओढायचं असतं ते पाणी थांबतं त्या थोड्या वेळात. तेवढ्यात उरकलं नाही तर प्रवाह उलटतो आणि जाळं हाती लागत नाही.

“धरा!” मासेमारी बघायला आलेला पाहुणा इथे कुणी नसतो. ओला दोर तळव्यांची सालं काढतो. सगळे एका सुरात हाक देतात, हाकेवर ओढायचं, हाकेवर सोडायचं. चुकलात तर पुढचा माणूस शिवी देतो. मग पिशवीचं शेपूट काठावर येतं, गाठ सुटते, आणि तुमच्या मांड्यांपर्यंत मासळी ओतली जाते: बुळबुळीत बोंबील, सोनेरी मांदेली, कोळंबी, करंदी, चिंबोऱ्या, जेलीचे गोळे. काहीतरी पट्टेरी वळवळतं आणि नाखवा ते वल्ह्यानं उचलून झटक्यात बाहेर फेकतो. समुद्रसाप होता. हात घालण्याआधी नीट बघत जा.

त्या पहाटे तुम्ही जे जेवता ते जन्मात विसरणार नाही. मातीनं लिंपलेल्या पेटीत चूल, तिच्यावर मडकं, त्यात बोंबील, हळद, तिखट, मीठ, आमसूल. बस. पाणीही घातलेलं नाही, बोंबलाचंच सुटतं. भाताचा गोळा त्यात बुडवा. चार महिन्यांनी! तागडीवाल्याचे डोळे भरून आले तर ते तिखटानं आले असं समजा.

चतुर्दशीचा दिवस लांब आहे. पहाटेची मतलई पडली आणि वारा थांबला. सावली फक्त गुंडाळलेल्या शिडाची. पाणी मोजून मिळतं, आता त्याला पिंपाच्या लाकडाची चव आहे. खलाशी जाळं सांधतात, तुम्ही बोंबील दोरीवर टांगता. वेळासच्या बाजूला एक कासव डोकं वर काढतं, श्वास घेतं, जातं. दूर आगबोट धूर सोडत दक्षिणेला निघाली आहे. तिची लाट बऱ्याच वेळानं तुमच्यापर्यंत येते.

रात्री गरी टाकायची. दोर खोल जाऊ दे, शिसं तळाला लागलं की हातभर वर घ्या. आता होडीच्या फळीला कान लावा. ऐकू येतंय? खालून, लाकडातून, गुरगुर चढते. ढोमे आणि घोळी पोटातल्या हवेच्या पिशवीनं हा आवाज काढतात. खाली त्यांचा बाजार भरलाय आणि तुम्ही छपरावर बसून ऐकता आहात. मग दोराला हिसका बसतो, असा की तुम्ही गुडघ्यावर येता. शिंप्याचा मुलगा तुमची कंबर धरतो, पोलादपूरकर दोर धरतो, आणि बऱ्याच झटापटीनं एक घोळ वर येते, लहान पोराएवढी लांब. नाखवा पहिल्यांदा हसतो. पोट फाडून पांढरी पिशवी अलगद काढतो. हे बोत. ते वाळवून मुंबईला जातं आणि तिथून चीनला. ते त्याचं, मासा तुमचा.

पण मासा टिकवायचा कसा? बर्फ इथे कुणी पाहिलेला नाही. उन्हं चढायच्या आत घोळ चिरायची, मिठाचा थर, तुकड्यांचा थर, पुन्हा मीठ, असं करंडीत दाबून भरायचं. डोकं त्याच दिवशी कालवणात. बोटांच्या चिरांत मीठ जातं आणि तुम्ही ओरडता.

पौर्णिमेला परतायचं. जाताना दोन ओहोट्या लागल्या. येताना एकच भरती पुरते, कारण आता तुम्ही पाण्याच्या लाटेबरोबरच वर सरकता आणि पाठीशी समुद्राचा वाराही आहे. चाचांचा पडाव खजूर आणि कापडाचे गठ्ठे भरून तयारच आहे. शीड फुगतं, डोलकाठी करकरते. हरिहरेश्वरला त्रिपूर पाजळलाय, दिव्यांची रांग पाण्यात हलते. आंबेतचा तो गाळ, जिथे सहा तास काढले, आता कित्येक हात पाण्याखाली आहे. तुम्ही पत्ताही न लागता त्यावरून जाता. दासगावला कुणीतरी काठावरून हाक मारतं, चाचा ओरडूनच उत्तर देतात.

मध्यरात्र उलटल्यावर महाड. पुन्हा पलिते, पुन्हा हमाल. पायाखालची जमीन डुलते आहे, तिला जरा वेळ द्या. करंडी उघडून तागडीवाला वाटे घालतो, चार सारखे ढीग, तागडी न वापरता. तरी भांडण होतंच, कुणाच्या ढिगात काटे जास्त, कुणाच्यात बोंबील कमी. म्हणून शिंप्याच्या मुलाला पाठमोरं उभं करतात. पोलादपूरकर एका ढिगावर बोट ठेवतो.

“हा कुणाचा?”

पाठमोरा माणूस तुमचं नाव घेतो. उचला लवकर, घोळीचा पोटाकडचा तुकडा आलाय त्यात.