एका लहरीत अनेक चॅनेल

मागे आमच्या गटातल्या एका ताईंच्या टीव्हीवरची काही चॅनेल अचानक गेली. छत्री हलली असेल म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं छत्रीला हातही लावला नाही. रिमोटची चार बटणं दाबली, दोनशे रुपये घेतले आणि गेला. त्यानं केलं तरी काय, हे आम्ही सगळ्यांनी मिळून समजून घेतलं.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तेव्हा एका चॅनेलला एक अख्खी लहर लागायची. चॅनेल वाढवायचं तर दुसरी लहर हवी, आणि लहरी मोजक्याच. 1990 च्या दशकात एमपेग-2 ही पद्धत ठरली. चित्र आणि आवाज आकड्यांत बदलायचे, दाबून लहान करायचे आणि एकाच लहरीतून कितीतरी चॅनेल पाठवायची. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शननं याच पद्धतीनं डीडी डायरेक्ट प्लस ही बिनभाड्याची सेवा सुरू केली. तीच आजची डीडी फ्री डिश.

मग घरी ही चॅनेल वेगळी कशी होतात? आपल्या बाजाराच्या टेम्पोसारखी. पापड, लोणचं, शेवया, सगळ्या पुड्या एकाच टेम्पोत. पण चिठ्ठी लावलेली असली की उतरवताना गोंधळ होत नाही. लहरीतही 188 बाइटच्या छोट्या पुड्या एकामागून एक येतात आणि प्रत्येकीवर क्रमांक असतो. शून्य क्रमांकाच्या पुडीत चॅनेलांची यादी असते. तिच्यावरून प्रत्येक चॅनेलची स्वतःची यादी सापडते: चित्राच्या पुड्या कोणत्या, आवाजाच्या कोणत्या. आपण बटण दाबलं की सेट टॉप बॉक्स तेवढ्याच पुड्या उचलतो, बाकीच्या सोडून देतो.

पाठवणाऱ्यानं चॅनेलची लहर बदलली, तर बॉक्सजवळ जुनीच यादी राहते आणि ते चॅनेल दिसेनासं होतं. दुरुस्तीवाल्यानं फक्त नवी यादी वाचायला लावली होती. मेनूत जाऊन चॅनेल पुन्हा शोधायला सांगायचं, एवढंच. पैशांची चॅनेल मात्र अशी येत नाहीत. त्यांच्या पुड्याही छत्रीपर्यंत पोचतात, पण कुलूप लावून. पैसे भरले की बॉक्सला किल्ली मिळते.

आता आमच्या गटात चॅनेल गेलं की आधी आम्हीच रिमोट हातात घेतो. दोनशे रुपये म्हणजे काहींची महिन्याची बचत आहे, बायांनो.