'द प्रिझनर'चा शेवट आणि प्रेक्षकांचा राग (1968)

मालिकेचा शेवट पटला नाही तर तुम्ही तो मागे नेऊन, थांबवून पुन्हा पाहता आणि मग टीका करता. 1968 च्या प्रेक्षकाला ही सोय नव्हती. जुनी टीका वाचताना एवढे आधी लक्षात घ्या.

'द प्रिझनर' ही ब्रिटनच्या आयटीव्हीवरची 17 भागांची मालिका सप्टेंबर 1967 मध्ये सुरू झाली. राजीनामा दिलेल्या एका सरकारी माणसाला पळवून अनोळखी गावात डांबले जाते. तिथे माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. नायक क्रमांक 6. पळणाऱ्याला अडवायला एक भलामोठा पांढरा फुगा धावून येतो. क्रमांक 1 कोण, हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत ठेवलेला.

'फॉल आउट' हा शेवटचा भाग फेब्रुवारी 1968 मध्ये लागला. नायक क्रमांक 1 चा मुखवटा ओढतो. खाली माकडाचा मुखवटा. तोही निघतो आणि दिसतो नायकाचाच चेहरा! नायकाचे काम करणारा पॅट्रिक मॅकगूहन हाच या भागाचा लेखक आणि दिग्दर्शक. 1977 च्या एका मुलाखतीत त्याने सांगितले की वाहिनीचे फोन जाम झाले आणि लोक इतके खवळले की आपल्याला काही काळ डोंगरात लपावे लागले. लोकांना जेम्स बाँडच्या चित्रपटातला शोभेल असा खलनायक हवा होता, असे त्याचे म्हणणे.

ही साक्ष नऊ वर्षांनंतरची आहे, आणि ती देणारा स्वतःच आरोपी आहे. राग खोटा होता असे नाही. पण अशी गोष्ट सांगता सांगता वाढते.

आता त्या रात्री घरात काय दिसले ते पाहू. मालिका रंगीत फिल्मवर चित्रित केलेली, पण आयटीव्हीचे रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर 1969 मध्ये सुरू झाले. म्हणजे प्रेक्षकासमोर होते 405 रेषांचे कृष्णधवल चित्र. तो चेहरा पडद्यावर क्षणभरच येतो. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते. चहा ओतायला मान वळवली, की सगळ्या मालिकेचे उत्तर हुकले.

मला हे पुस्तकातून कळले नाही. जबलपूरच्या गोरखपूर भागात, माझ्या लहानपणी, अंतराळयानाच्या एका मालिकेच्या शेवटच्या मिनिटांत वीज गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तीन मुलांनी मला तीन वेगळे शेवट सांगितले, आणि तिघेही शपथेवर!

आणखी एक गंमत. याच भागात लिओ मॅककर्नच्या पात्राला पुन्हा जिवंत करून त्याची दाढी-केस काढतात. यात मोठे प्रतीक शोधायचा मोह होतो. खरे कारण साधे: आधीचा भाग बराच पूर्वी चित्रित झाला होता आणि मधल्या काळात त्या नटाने केस-दाढी कापली होती.

प्रेक्षकांच्या तक्रारीने 'द प्रिझनर'चा शेवट काही बदलला नाही. आपल्याकडे 'रामायण' जुलै 1988 मध्ये संपले तेव्हा वेगळे घडले. ती विज्ञानकथा नव्हे, पण तक्रार शेवटाचीच होती: उत्तरकांड गाळले. उत्तर भारतातल्या काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला, आणि पुढे 'उत्तर रामायण' पडद्यावर आले. इथे पुरावा निर्मात्याच्या आठवणीपुरता नाही. संपाच्या बातम्या त्याच वेळच्या आहेत.

स्वाध्याय: घरातल्या दोन वडीलधाऱ्यांना एकाच जुन्या मालिकेचा शेवट वेगवेगळा बसवून विचारा. दोन्ही उत्तरे लिहून काढा, आणि मगच तो भाग शोधून पाहा.