घोडा, चाप आणि सवय



आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात जमिनींना भाव आला, शेतांच्या जागी कारखाने आले आणि लग्नकार्यात कमरेला परवान्याचे पिस्तूल लावून वावरणारी माणसेही दिसू लागली. आपल्या नात्यातही एकदोघांकडे परवाना आहे आणि ते हे वाचतात, हे मला ठाऊक आहे. उपदेश कुणालाच आवडत नाही. म्हणून जुन्या सवयीप्रमाणे इतिहासाच्या वाटेने जातो. चुकून उडालेली गोळी बंदुकीइतकीच जुनी आहे आणि तिच्यावरचा उपायही जवळपास तितकाच जुना आहे.

सुरुवात चाकणपासूनच करू. कारखान्यांच्या गर्दीत आज फार कुणी तिकडे वळत नाही, पण गावात संग्रामदुर्गाचे अवशेष अजून उभे आहेत. 1660 च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने ह्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे 55 दिवस लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग उडवला, तेव्हा कुठे किल्ला हाती आला. वर्गात हा धडा शिकवताना मुलांना तलवारींचे वेड असे. मी मात्र त्यांना तोड्याची बंदूक समजावून सांगायचो.

ह्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची आणि गजाने ठासायची. मागच्या बाजूला बारीक छिद्र, म्हणजे काना. त्यापाशी रंजक, म्हणजे बारीक दारू, ठेवायची. वर एका चिमट्यात जामगी, म्हणजे सतत धुमसणारी दोरी. चाप ओढला की जामगी रंजकावर टेके आणि बार उडे. आता विचार करा. हातात पेटती दोरी, अंगावर दारूने भरलेले शिंग, आणि खांद्याला खांदा लावून शेजारी तसाच दुसरा शिपाई! ठिणगी इकडची तिकडे झाली तर शत्रूची गरजच नाही.

ह्यावर उपाय काय काढला? यंत्र नव्हे, कवायत. 1607 मध्ये हॉलंडमध्ये याकोब द गेन ह्या चित्रकाराने एक पुस्तक प्रसिद्ध केले. बंदूक भरण्याची आणि झाडण्याची प्रत्येक कृती त्यात वेगळ्या चित्रात दाखवली आहे. एका बंदुकीसाठी चाळीसहून अधिक चित्रे! दारू भरताना पेटती जामगी चिमट्यातून काढून डाव्या हातात धरायची, दारूपासून दूर ठेवायची, हे त्यात चित्रांनी शिकवले आहे. घाईत, भीतीत डोके चालेनासे होते. अशा वेळी हाताला लागलेली सवयच कामाला येते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

पुढे गारगोटीची बंदूक आली. गारगोटी धरणाऱ्या भागाला आपल्याकडे घोडा म्हणतात. तो अर्धाच चढवून एका खाचेत अडकवला की चाप ओढूनही बार होऊ नये, अशी सोय होती. पण खाच झिजली की घोडा निसटायचा.

मग आले रिव्हॉल्व्हर. 1873 सालच्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या बसत, पण शहाणी माणसे पाचच भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवत. कारण घोडा भरल्या घरावर टेकलेला असताना हत्यार पडले, तर चाप न ओढताही गोळी सुटे. अमेरिकेतला गाजलेला पोलीस वायट अर्प ह्याचे जानेवारी 1876 मध्ये असेच झाले. खुर्चीवर बसला असता त्याचे रिव्हॉल्व्हर खाली पडले आणि गोळी त्याच्या कोटातून जाऊन छतात घुसली. एवढा नेमबाज, पण थोडक्यात वाचला!

यंत्रातली सुधारणा बहुतेक वेळा कुणाचा तरी जीव गेल्यावर झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या जहाजावर रिव्हॉल्व्हर डेकवर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी दगावला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीने घोड्याला आडवा येणारा नवा अडसर बसवला. पण जुनी हत्यारे कपाटांमध्ये राहतातच, आणि यंत्र झिजतेही.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईत जुहूच्या घरून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर हातातून निसटले, गोळी सुटली आणि पायाला गुडघ्याखाली लागली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. पायावर निभावले. त्या वेळी समोर कुणी उभे असते तर?

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. 21 ऑक्टोबर 2021 रोजी 'रस्ट' चित्रपटाच्या सेटवर अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स ह्यांचा मृत्यू झाला. हत्यार देताना ते सुरक्षित असल्याचे पुकारले गेले होते. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची ही किंमत.

चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये काम करणारा माझा जुना विद्यार्थी सांगत होता, "सर, आमच्या प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. म्हणजे हात आत राहायला नको. पण मशीन उघडायचे तर आधी वीज तोडायची, कुलूप घालायचे, आणि स्वतः तपासायचे. कुणी सांगितले म्हणून नाही." हे ऐकून मला द गेनची चित्रे आठवली. यंत्रातली सोय हवीच, पण तिच्या भरवशावर सवय सोडायची नसते.

बंदुकीच्या सवयी थोड्याच आहेत. हत्यार भरलेलेच आहे असे धरून चालायचे. नळीचे तोंड कुणाकडेही वळवायचे नाही, रिकामे असले तरी. झाडायचे नसेल तोवर बोट चापाबाहेर ठेवायचे. समोर आणि त्याच्याही मागे काय आहे ते पाहायचे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजू नये. चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असू शकते, म्हणून आधी मॅगझिन काढायचे आणि मग चेंबर उघडून डोळ्यांनी पाहायचे, हाच क्रम. हातातून सुटलेले हत्यार झेलायला जाऊ नये, झेलताना बोट चापावर पडते. आणि घरी हत्यार रिकामे करून कुलपात ठेवायचे, काडतुसे वेगळ्या कुलपात. नातवंडांना आपल्या लपवायच्या जागा आपल्यापेक्षा चांगल्या माहीत असतात!

कायद्यानेही हे ओळखले आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी हाताळणीचे प्रशिक्षण आले. 2019 च्या दुरुस्तीनुसार आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वरातीत हवेत उडवलेली गोळी खाली कुठेतरी पडतेच ना!

खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यात यंत्रांची आणि घरात शस्त्रांची पूजा होते. यंत्र बंद करूनच त्याला हार घालतात. घरच्या हत्याराला हळदकुंकू वाहण्याआधीही ते रिकामे करावे, स्वतः उघडून पाहावे, आणि पूजा होईपर्यंत मुलांना जरा लांब बसवावे. नात्यातल्या त्या एकदोघांनी एवढे केले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे मी म्हणेन.

असो. कधी चाकणला आलात तर संग्रामदुर्ग जरूर पाहा.