पुलावर टाकलेलं ओझं

मागच्या दिवाळीत वर्ध्याला गेलो होतो. सोबत शाळेतला मित्र. तो आता फादर आहे, एका चर्चचा सगळा कारभार एकट्यावर. म्हटलं, "थकलेला दिसतोस, सुट्टी घे की." तर म्हणे, "लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात. मी कुणापाशी करू?"

काय बोलणार! गाडी पवनारला नेली.

१९३८ साली विनोबा इथे आले ते तब्येत पार ढासळल्यावर. गांधीजींनी विश्रांतीचा आग्रह धरला, पण विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी धाम नदीकाठचा जमनालाल बजाजांचा बंगला निवडला. गाडी नदीवरच्या पुलावरून जाताना त्यांनी मनातल्या मनात सगळ्या कामांचा संन्यास घेतला. आश्रम, संस्था, सगळं सोडलं! मग रोज थोडं थोडं शेत खणायचं. तब्येत सुधारली, आणि खणताना जुनी शिल्पंही सापडली.

मित्र म्हणाला, आमच्याकडे हे कायद्यातच आहे. १९८३ च्या चर्चच्या कायद्यानुसार पॅरिशच्या धर्मगुरूला वर्षाला महिनाभर सुट्टी घेता येते, आणि वार्षिक रिट्रीटचे दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे शरीराची रजा वेगळी, मनाची वेगळी. आमच्या एचआरला हे कधी सुचायचं!

पण नुसती रजा मिळून भागत नाही. मुंबईचे जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी पुण्यात 'साधना' संस्था काढली, ती पुढे लोणावळ्याला गेली. धर्मगुरू आणि सिस्टर तिथे राहायला येत. गप्प बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, आणि दुसऱ्यांना सल्ले देणाऱ्यांनी स्वतःचा राग, भीती गटासमोर बोलून दाखवायची. डिमेलो १९८७ साली गेले. १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांवर हरकत घेतली, पण पुस्तकं आजही वाचली जातात.

मला वाटतं, विनोबा आणि डिमेलो दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. जागा बदलली तरी ओझं सोबत येतं. ते आपणहून खाली ठेवावं लागतं.

परतताना त्याच नदीवर मित्राने मोबाईल बंद केला. वर्ध्याला पोचेपर्यंत चालू केला नाही. मीही काही विचारलं नाही.

असो. सोमवारी ऑफिस आहेच!