खान, क्षिप्रा आणि आपल्या घरची मोरी

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना कृष्णपुऱ्याच्या छत्र्या दाखवतो, पण शेजारच्या पुलावर फार वेळ उभे राहू देत नाही. खालून वाहते ती खान नदी. तिला नाला म्हणण्याची सवय आपणा इंदूरकरांचीच. हीच खान उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते आणि तेथून थोडे खाली रामघाटावर सिंहस्थाचे स्नान होते.

क्षिप्रा मैली का झाली असे विचारले की लोक निर्माल्याकडे व यात्रेकरूंच्या साबणाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. आमच्या होमिओपॅथीत आधी रोग्याचा पूर्वेतिहास विचारतात, तसा तो येथेही विचारावा.

तिसऱ्या तुकोजीरावांनी पॅट्रिक गेडिस यांना बोलावले आणि १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. मैला नदीत लोटू नका, बागांकडे व शेतीकडे वळवा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथेच कंपोस्टची पद्धत बसवली; जगात ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजली. गावाचे नाव जगभर झाले, मैला मात्र खानेतच गेला! गिरण्यांचे सांडपाणीही होतेच, पण गिरण्या बंद पडल्या तरी पाणी निवळले नाही.

खरे वळण १९७८ च्या सुमाराचे आहे. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदा नळाने इंदुरात आली. टंचाईत वाढलेल्या आपल्या पिढीने तिचे स्वागत केले, मीही केले. पण आलेले पाणी वापरून झाल्यावर जाणार कोठे, याची सोय त्या मानाने झाली नाही. इकडे कूपनलिकांनी भूजल उपसले आणि उन्हाळ्यात क्षिप्रेचा स्वतःचा प्रवाह आटला. मैला सौम्य करायला पाणीच उरले नाही.

मग २०१४ मध्ये नर्मदा उपसून क्षिप्रेच्या उगमाशी सोडली. २०१६ च्या सिंहस्थासाठी खान नळातून घाटांना वळसा घालून कालियादेहकडे नेली. तरी ५ जानेवारी २०१९ च्या शनैश्चरी अमावास्येला त्रिवेणीवर भाविकांना चिखलात स्नान करावे लागले. २०२१ मध्ये इंदूरला ‘वॉटर प्लस’ मान मिळाला. काम झाले हे नाकारत नाही. पण आता २०२८ जवळ येत आहे. आपल्या घरची मोरी नेमकी कोठे जाते, एवढे तरी प्रत्येकाने पाहून यावे.

माझी आई पाणी गाळून झाले की गाळणे उलटे धुऊन ते जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. आम्हा जैनांत तशी रीतच आहे. नळ आला तेव्हा तिने मला विचारले, “आता हे कोठे सोडायचे रे?” नर्मदा तर सत्तर किलोमीटर दूर. काही दिवस तिने ते जाईच्या वेलाला घातले. नंतर मोरीत ओतू लागली.