'स्वदेशी' मोटार नेमकी कोणती?

१/९
ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. मुंबईने तिला घरच्या माणसासारखा निरोप दिला. परंतु ही काळीपिवळी मूळची इटलीच्या फियाटची. मग तिला स्वदेशी म्हणावे काय? हा प्रश्न दिसतो त्याहून बराच जुना आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/९
प्रारंभ शिवडीपासून करू. १९२८ साली जनरल मोटर्सने तेथे कारखाना काढला. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग जोडून तेथे मोटारी उभ्या राहत. कामगार येथले, जागा येथली. इंजिन मात्र बाहेरचे. जोडणी आणि निर्मिती यांतील हा भेद पुढील साऱ्या वादाच्या मुळाशी आहे.

३/९
तो ओळखणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद अग्रणी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली. ब्रिटिश सरकारने पाठबळ दिले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. गंमत अशी की, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणीच होत असे.

४/९
निर्णायक वळण आले १९५३ मध्ये. टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, सुटे भाग टप्प्याटप्प्याने भारतातच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल, त्यांनीच या धंद्यात राहावे. सरकारने हे धोरण स्वीकारले. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. फोर्डनेही गाशा गुंडाळला.

५/९
म्हणजे पहिली कसोटी ठरली सुट्या भागांची. आराखडा परका चालेल, भाग येथे घडले पाहिजेत. या कसोटीवर इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड उत्तरपाड्यात 'ॲम्बॅसेडर' झाली आणि फियाट ११०० कुर्ल्यात यथावकाश 'पद्मिनी'. याची किंमत ग्राहकाने मोजली: स्पर्धा जवळजवळ नाही, रचना जुनीच आणि गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा.

६/९
दुसरी कसोटी मालकीची. १९८२ च्या करारानुसार मारुती उद्योगात सुझुकीचा वाटा २६ टक्के. बहुमत भारत सरकारचे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाला मिळाली, तेव्हा तिचे बहुतेक भाग जपानचे होते. पुढे भाग भारतीय होत गेले आणि मालकी जपानकडे सरकत गेली. २००२ मध्ये सुझुकीचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. मग ही गाडी अधिक स्वदेशी केव्हा होती, १९८३ मध्ये की २००२ मध्ये?

७/९
तिसरी कसोटी आराखड्याची. १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाचा गौरव संपूर्ण भारतीय मोटार म्हणून झाला. तिचे बाह्यरूप घडवण्यात इटलीतील तुरिनच्या एका संस्थेचा हात होता, तर निस्सानच्या ऑस्ट्रेलियातील बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री समुद्रमार्गे पुण्याला आणली गेली होती. तरीही गाडी कशी असावी, हा निर्णय पुण्या-मुंबईत झाला आणि तिचे हक्क येथेच राहिले.

८/९
आणि नाव? ते तर सर्वांत कच्चा पुरावा. भारतीय सत्तेचे प्रतीक बनलेल्या ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. २०१७ मध्ये ते नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले गेले.

९/९
तिन्ही कसोट्यांत १९५३ ची कसोटी मला सर्वांत टिकाऊ वाटते. मालकी एका करारात बदलते, आराखडा जुना होतो, नाव विकले जाते. भाग घडवणाऱ्या हातांचे कसब मात्र कारखाना बंद पडला तरी त्या माणसांबरोबर राहते. म्हणून 'ही गाडी देशी की विदेशी?' असा वाद पुन्हा रंगला, तर आधी एवढेच विचारा: कोणत्या कसोटीवर?